एकट्याचा द्रवणांक

झाडाच्या पानात कुणीच एकटं राहत नाही. बाहेरून पाहावं तर पान हिरवं, गप्प, आपल्या देठाशी इमान राखून असलेलं. आत मात्र शेकडो द्रव्यांची वस्ती नांदत असते. हरितद्रव्य, शर्करा, मेण, टॅनिन, आम्लं, सुगंधी तेलं, आणि या दाटीत कुठेतरी अंग चोरून बसलेलं एखादं असं द्रव्य, की ज्याच्यामुळे ते पान कडू लागतं, झोप उडवतं, ताप उतरवतं किंवा सरळ माणूस आडवा करतं. जत्रेत कोण कुणाचा पाहुणा हे सांगता येऊ नये, तशी ही सगळी मंडळी एकमेकांत मिसळलेली. माणसाची हौस अशी, की या जत्रेतून नेमक्या एका इसमाला मनगट धरून बाहेर आणायचं, न्हाऊ घालायचं, पांढऱ्या कागदावर बसवायचं आणि विचारायचं, ‘हं, आता सांगा, आपण कोण?’ तो इसम खरोखर एकटा आला असेल, तर स्फटिकाच्या रूपात उत्तर देतो. धारदार कडा, नितळ पैलू, प्रत्येक कोन आपल्या जागी. बरोबर चोरून कुणी आलं असेल, तर उत्तर चिकट, पिवळट आणि गुळमुळीत येतं. वनस्पती-रसायनशास्त्राचं निम्मं आयुष्य या मुलाखतीची तयारी करण्यात गेलं आहे. झाडाला या सगळ्याबद्दल काय वाटतं, ते मात्र कुणी अद्याप विचारलेलं नाही.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही हौस बहुधा चहाच्या रूपात पहिल्यांदा भेटते. चहाच्या कोरड्या पत्तीत शेकडा तीनेक भाग कॅफिन असतं. ते वेगळं काढून दाखवायचं, असं प्रॅक्टिकल असतं. पत्ती पाण्यात उकळायची. दूध नाही, साखर नाही, आलं-वेलचीचा तर प्रश्नच नाही. वर त्यात धुण्याचा सोडा टाकायचा. चहावर वाढलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो भाव उमटतो, तो देवघरात कुणी चपला घालून शिरल्यावर उमटणाऱ्या भावाच्या जवळचा असतो. पण सोड्याला इलाज नाही. चहातली टॅनिनं फार लळा लावणारी. त्यांना सोडा दिला की त्यांचे क्षार होतात आणि ती पाण्याला धरून बसतात. मग तो काळा अर्क गार करायचा, नासपतीच्या आकाराच्या सेपरेटिंग फनेलमध्ये ओतायचा आणि त्यात क्लोरोफॉर्म घालायचं. हल्ली त्याऐवजी डायक्लोरोमिथेन वापरतात, स्वभाव तोच. दोन्ही पाण्यापेक्षा जड, म्हणून तळाशी जाऊन बसतात. कॅफिनला गार पाण्यापेक्षा हे तळाशी बसलेले पाहुणे जास्त मानवतात. दोघांची गाठ घालून दिली, की ते मुकाट्याने वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर राहायला येतं.

ती गाठ कशी घालून द्यायची, यातच सगळी कारागिरी. पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं, की मिश्रण हलवावे. आमच्या प्रयोगशाळेत एक मामा होते. कॉलेजातल्या प्रयोगशाळांना खिडक्या असतात, नळ असतात, तसे मामाही असतात. काचसामान काढून देणं, बर्नर पेटतो का पाहणं आणि प्राध्यापक बाहेर गेले की खरं रसायनशास्त्र शिकवणं, ही त्यांची कामं. ते फनेलकडे पाहून म्हणत, “बाळ, हलवू नको त्याला. डोलव.” हलवणं आणि डोलवणं यांत किती अंतर आहे, ते शेजारच्या टेबलावर लगेच पाहायला मिळे. तिथला एखादा तालमीत जाणारा गडी फनेल दोन्ही हातांनी धरून असा काही घुसळे, की पाणी आणि क्लोरोफॉर्म यांच्यामध्ये एक तपकिरी, फेसाळ, धड ना पाणी धड ना क्लोरोफॉर्म असा थर तयार होई. त्याला इमल्शन म्हणतात. त्रिशंकू विधानसभेनंतर स्थापन झालेल्या सरकारासारखं ते असतं. कुणाचं आहे ते कळत नाही, मोडत नाही, आणि त्यातून काही बाहेरही पडत नाही. मामा त्यात चिमूटभर मीठ टाकत, फनेल रिंगमध्ये टांगून ठेवत आणि त्या गड्याला सांगत, “जा, चहा पिऊन ये.” त्या दिवशी त्या प्रयोगशाळेत चहाचा उल्लेख करायला धैर्य लागे, मामांकडे ते होतं.

खालचा थर हळूच सोडून घ्यायचा, निर्जल सोडियम सल्फेट टाकून त्यातलं उरलंसुरलं पाणी शोषून घ्यायचं, मग पाणभांड्याच्या ऊबेवर क्लोरोफॉर्म उडवून लावायचं. तळाशी राहतो तो पोपटी-पांढरट पापुद्रा. एवढ्या थाटामाटानंतर एवढंसंच पाहून हिरमोड होतो. पण आता खरी गंमत. तो पापुद्रा बशीत घेऊन मंद तापवायचा आणि वर गार पाण्याने भरलेला फ्लास्क टेकवायचा. कॅफिन वितळायची वाट पाहत नाही. तिथल्या तिथे त्याची वाफ होते आणि फ्लास्कच्या बुडाला जाऊन बसते. फ्लास्क अलगद उचलून पाहिला, की काचेवर पांढऱ्या, रेशमी, बिनवजनाच्या सुया उभ्या दिसतात. इतक्या हलक्या, की त्यांच्याकडे पाहताना माणूस आपोआप श्वास आवरतो. मागे फनेलमध्ये उरतं ते काळं पाणी. त्याचा रंग चहाचाच असतो, वासही बराचसा चहाचा. निवृत्त झालेल्या साहेबांसारखं ते असतं. चष्मा तोच, घोगरा आवाज तोच, खाकरण्याची पद्धतही तीच; फक्त आता कुणी दचकून उठत नाही.

या सुया जगात पहिल्यांदा दिसल्या त्या चहातून नव्हे, कॉफीतून. आणि त्यामागे एका मांजराचा हात होता. १८१९ साली जर्मनीतल्या येना गावी फ्रीडलीब रुंगे नावाचा पंचविशीतला तरुण विषारी वनस्पतींचे अर्क काढत बसलेला असे. त्याच्या हुन्नराला शोभेलसं ‘डॉक्टर विष’ असं टोपणनाव मित्रांनी त्याला दिलं होतं. बेलाडोनाचा अर्क डोळ्यात पडला की बाहुली मोठी होते, हे त्याच्या ध्यानात आलेलं. ही करामत आपल्याला पाहायची आहे, असा निरोप महाकवी गटे यांच्याकडून आला. गटे तेव्हा सत्तरीचे. कवी तर होतेच, शिवाय वनस्पती आणि रंग यांच्या शास्त्रात मनापासून लुडबुड करणारे. रुंगेकडे दरबारी कपडे नव्हते. तेव्हा उसना कोट आणि उसनी टोपी घालून, काखेत मांजर धरून तो भर रस्त्याने महाकवींकडे निघाला. त्या दिवशी येनाच्या रस्त्यावर जी माणसं असतील त्यांचा मला हेवा वाटतो. मांजराच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली पाहून गटे खूश झाले आणि निघताना त्यांनी रुंगेच्या हातात कॉफीच्या बियांची एक डबी ठेवली. यातही काय आहे ते बघ, म्हणाले. रुंगेने बघितलं, आणि कॅफिन बाहेर आलं. विज्ञानाच्या इतिहासात कवींनी केलेल्या उपयुक्त सूचनांची यादी फार मोठी नाही, पण त्यात ही एक पहिल्या ओळीत घालावी लागेल.

त्या चार-दोन वर्षांत युरोपातल्या औषधी दुकानांच्या मागच्या खोल्यांत जणू साथच पसरली होती. पॅरिसमध्ये पेलतिए आणि काव्हांतू या जोडीने १८१८ मध्ये स्ट्रिक्निन काढलं. आपल्या कोकणातल्या काजऱ्याच्या बियांत असतं, तेच हे जहर. १८२० मध्ये त्याच जोडीने सिंकोनाच्या सालीतून क्विनिन काढलं आणि त्याचं पेटंट न घेता रीत सगळ्यांना सांगून टाकली. डेन्मार्कात अर्स्टेडने १८१९ मध्ये काळ्या मिरीतून पायपेरिन वेगळं केलं. ही मिरी म्हणजे आपल्याच मलबार किनाऱ्याची कन्या. पायपेरिनचे फिकट पिवळे स्फटिक जिभेवर ठेवले तर आधी काहीच लागत नाही. जरा वेळाने झोंबतात. काही लोकांनी केलेली स्तुती अशीच असते. याच अर्स्टेडने पुढच्या वर्षी विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे दाखवलं आणि तो त्या सुईमुळे अमर झाला. मिरीतल्या सुयांची आठवण आता कुणी काढत नाही. चहातलं द्रव्य १८२७ मध्ये सापडलं तेव्हा त्याला ‘थीन’ म्हणून निराळी ओळख मिळाली होती. कॉफीतलं कॅफिन आणि चहातलं थीन अकरा वर्षं वेगवेगळ्या बिऱ्हाडांत मानाने राहिली. १८३८ मध्ये सिद्ध झालं की ती एकच असामी. चहावाले आणि कॉफीवाले यांच्यातलं वैर मात्र या निकालानंतरही तसंच चालू राहिलं.

आता स्फटिकांकडे येऊ. अर्क काढणं हे धावपळीचं काम. स्फटिक पाडणं हे धावपळ थांबवण्याचं. गरम द्रावकात मावेल तेवढंच द्रव्य विरघळवायचं, गरम असतानाच गाळायचं आणि मग काहीही करायचं नाही. हे ‘काहीही न करणं’ शिकायला माणसाला सगळ्यात जास्त वेळ लागतो. भांडं बर्फात घालून घाई केली तर स्फटिक पडतात, पण चुरा पडतो, आणि भीतीने एकमेकांना बिलगताना ते मळही पोटात घेऊन बसतात. सावकाश निवू दिलं, तर प्रत्येक रेणू आपल्यासारख्याच रेणूची जागा शोधून तिथे बसतो. परका जवळ आला की त्याला जागा मिळत नाही, तो द्रवात परत जातो. ज्यांच्या घरी लोणी कढतं त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. तूप रवाळ हवं असेल तर कढवलेलं भांडं ओट्याच्या कोपऱ्यात निवायला ठेवायचं आणि त्याला बोट लावायचं नाही, ही त्यांची जन्माची शिकवण. सगळ्या पाठ्यपुस्तकांतली स्फटिकीकरणाची प्रकरणं मिळून यापेक्षा फारसं जास्त काही सांगत नाहीत.

कधीकधी मात्र द्रावण हटून बसतं. सगळं जमलेलं असतं, वेळ झालेली असते, द्रावण गच्च भरलेलं असतं. पण पहिला कोण, या संकोचात सगळे उभे. अशा वेळी मामा काचकांडी घेऊन बीकरच्या आतल्या भिंतीवर एक ओरखडा काढत. कर्रर्र असा दातांना शिरशिरी आणणारा आवाज, आणि त्या ओरखड्याच्या रेघेवर एक धूसर पांढरी जाळी उमटे. मग ती पसरत जाई, आणि बघता बघता सगळं बीकर भरून जाई. कीर्तनात पहिली टाळी पडायची खोटी, तसं. यावरही जमलं नाही, तर त्याच द्रव्याचा जुना कण बीज म्हणून टाकतात. युरोपातल्या जुन्या रसायनशास्त्रज्ञांच्या दाढ्यांबद्दल एक दंतकथा याच संदर्भात सांगतात. म्हणे, वर्षानुवर्षं हरतऱ्हेच्या स्फटिकांची धूळ त्या दाढ्यांत साचलेली असे, आणि हट्टी फ्लास्कवर गुरुजींनी वाकून नुसती दाढी झटकली की पुढचं काम आपोआप होई. खरं-खोटं देव जाणे. आमच्या प्राध्यापकांनी दाढी घोटून ठेवलेली असे. ज्ञानपरंपरेचा एक धागा तिथे तुटला, असं मला वाटत राहिलं आहे.

रीत सुधारणं म्हणजे काहीतरी वाढवणं, असा आपला समज असतो. आणखी उष्णता, आणखी जोर, आणखी महाग यंत्र. या धंद्यातल्या थोर सुधारणा पाहिल्या तर बऱ्याचदा उलटंच दिसतं. आपण चैत्रात जोतिबाला जो दवणा वाहतो, त्याची एक चिनी चुलतबहीण आहे. हिवतापावर तिचा पाला चालतो असं चिनी वैद्यक शतकानुशतकं सांगत आलेलं. पण प्रयोगशाळेत काढलेला अर्क कधी लागू पडे, कधी नाही. संशोधक तू यूयू यांनी जुने ग्रंथ चाळले. चौथ्या शतकातल्या गे हाँग यांच्या ग्रंथात पाला उकळायचा म्हटलंच नव्हतं. पाण्यात भिजवून पिळून रस प्यायला सांगितलं होतं. म्हणजे आपण ज्याला काढा म्हणून उकळत होतो, त्याचा जीव त्या उकळण्यातच जात होता. १९७१ मध्ये त्यांनी ३५ अंशांना उकळणाऱ्या इथरमध्ये, जेमतेम ऊबेवर अर्क काढला आणि तो लागू पडला. पुढच्या वर्षी त्यातून आर्टेमिसिनिनचे स्फटिक हाती आले. माणसांना देण्याआधी तो अर्क त्यांनी स्वतः घेऊन पाहिला. २०१५ मध्ये नोबेल मिळालं. सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाने आच कमी ठेवायला सांगितलं होतं आणि कुणीतरी ते शेवटी ऐकलं, एवढीच ती गोष्ट. पण किती लोकांचा ताप तिने उतरवला.

दुसरी गोष्ट हंगेरीतल्या सेगेदची. सेंट-ग्योर्गी या शास्त्रज्ञाला पुढे क जीवनसत्त्व म्हणून ओळखलं गेलेलं द्रव्य भरपूर हवं होतं. लिंबू-संत्र्यात ते असतं, पण तिथे शर्करा इतकी पायात पायात करते, की स्फटिक सुटून येत नाहीत. एका रात्री बायकोने जेवणात ताजी पाप्रिका, म्हणजे तिकडची जाडसर गोडी मिरची, वाढली. त्याला ती खायची नव्हती. नवऱ्यांना न आवडणारी भाजी टाळण्याच्या ज्या अनेक युक्त्या जगभर प्रचलित आहेत, त्यांत त्याने एका नव्या युक्तीची भर घातली. ‘हिची तपासणी करायला हवी,’ असं म्हणून तो मिरची घेऊन प्रयोगशाळेत गेला. मध्यरात्रीपर्यंत कळलं, की या मिरचीत क जीवनसत्त्वाचा खजिना आहे. सेगेदच्या आसपास तर मिरचीचीच शेतं. मिलिग्रॅमवर दिवस काढणाऱ्या माणसाला आता किलोच्या मापाने स्फटिक मिळू लागले. १९३७ चं वैद्यकाचं नोबेल त्याला मिळालं. त्या पारितोषिकाच्या भाषणात भाजीचा अव्हेर करणाऱ्या सगळ्या नवऱ्यांच्या वतीने चार शब्द बोलायला हरकत नव्हती.

स्फटिक हाती आला तरी त्याच्यावर कुणी लगेच विश्वास ठेवत नाही. त्याची परीक्षा घेतात, आणि ती मोठी मानी असते. केसाएवढ्या बारीक काचनळीत त्याचे दोन-चार कण भरायचे, नळी थर्मामीटरला बांधायची आणि सावकाश तापवत भिंगातून पाहत बसायचं. द्रव्य शुद्ध असेल तर ते आपल्या ठरलेल्या अंशापर्यंत ताठ उभं राहतं आणि तिथे पोचल्यावर झटक्यात पाणी होतं. कॅफिनचा हा अंश, म्हणजेच द्रवणांक, २३६ च्या आसपास. द्रव्यात दुसरं काही मिसळलेलं असेल, तर ते अलीकडेच घाम फोडतं, आधी ओलसर होतं, मग खचतं, रेंगाळत वितळतं. एखादा निराळाच पदार्थ आपल्या द्रव्याचं सोंग घेऊन आला आहे अशी शंका आली, तर खऱ्या द्रव्याचे कण त्यात मिसळून पुन्हा तापवतात. दोघे एकच असले तर अंश ढळत नाही. निराळे असले की दोघेही एकमेकांच्या संगतीने लवकर वितळतात. मग वहीत शेरा पडतो: नमुना अशुद्ध. पुन्हा द्रावक, पुन्हा गाळणं, पुन्हा निवणं. दर फेरीला माल थोडा घटतो, कारण शुद्धांतलेही काही जण गाळलेल्या द्रवाबरोबर निघून जातात. यील्ड जपावी की शुद्धता, या पेचात विद्यार्थ्यांच्या अनेक दुपारी जातात. ज्याला दोन्ही हवं असतं, तो शेवटी एक्स्टर्नल परीक्षकापुढे फार लवून नमस्कार करतो.

या परीक्षेत एक तत्त्व लपलेलं आहे, आणि ते मला नेहमी थोडं खट्याळ वाटत आलं आहे. जो एकटा, तो ताठ. ज्याला संगत लागली, तो लवकर पाघळला. प्रयोगशाळा ताठपणाला गुण देते. ते बरोबरच आहे. तिला ओळख पटवायची असते, नातं जोडायचं नसतं. पण या नियमाची दुसरी बाजू आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानात पूर्वीपासून तीन पुड्यांत बांधून मिळत आली आहे.

पहिली पुडी ओव्याच्या फुलांची. ही फुलं बागेत उमलत नाहीत. ओवा भरडून वाफेवर तेल काढलं, की त्या तेलातून हे जाड, पारदर्शक खडे निघतात. शास्त्रात त्यांना थायमॉल म्हणतात. कारखान्यात तेलाला कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने खळबळतात. थायमॉल पाण्यात उतरतं, बाकीचं तेल वर तरंगत राहतं. मग त्या पाण्यात आम्ल घातलं, की थायमॉल पुन्हा आपलं रूप घेतं. पहिल्या महायुद्धाआधी आपला ओवा जहाजं भरभरून जर्मनीला जाई तो यासाठीच. आपण भज्यांत टाकला, त्यांनी त्यातून जंतुनाशक काढलं. ज्याची त्याची भूक निराळी. हे थायमॉल मोठं लहरी. ५० अंशांना वितळतं, पण निवल्यावर घट्ट व्हायचं विसरून जातं. थेंब तासन्‌तास थेंबच राहतो. मग त्यात एक खडा टाकला, की काही आठवल्यासारखं झरझर गोठतं. दुसरी पुडी पुदिन्याच्या फुलांची, म्हणजे मेन्थॉलची. उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे मैलोगणती पुदिना लावतात. त्याचं तेल सावकाश थंड करत नेलं, की त्यात लांब काचेरी सुया वाढतात. हे ४२-४३ अंशांपर्यंत तग धरतं; नागपूरच्या मे महिन्यात ते एकट्यानेही शरण येतं. तिसरी पुडी कापराची. हा सगळ्यांत करारी, १७५ अंशांपर्यंत हलत नाही. आणि त्याहीपेक्षा करारी म्हणजे, पुडी नीट बांधली नाही तर वितळण्याचा कमीपणा न घेता सरळ हवेत निघून जातो.

माझी आत्या कऱ्हाडला राहायची. दिवाळीच्या आधी ती या तिन्ही पुड्या मागवायची, सारख्या वजनाने कोरड्या बाटलीत टाकायची आणि बूच लावून बाटली देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवून द्यायची. आच नाही, पाणी नाही, ढवळणं नाही. लहानपणी मी त्या कोनाड्यासमोर बसून पाहत असे. आधी खड्यांच्या कडा ओल्या दिसायच्या. मग ते एकमेकांवर जरासे सरकायचे. कोपरे गोल व्हायचे, सुया आखूड व्हायच्या, आणि पाहता पाहता तिन्ही खडे नाहीसे होऊन बाटलीत नितळ, पाण्यासारखा द्रव हेलकावायला लागायचा. हीच अमृतधारा. पोट दुखलं की बत्ताशावर दोन थेंब. ज्या नियमाने प्रयोगशाळेत नमुना नापास होतो, त्याच नियमाने हे औषध तयार होतं: तीन अट्टल शुद्ध द्रव्यं, ज्यांना एकेकट्याने वितळवायला चूल लागली असती, ती नुसती शेजारी बसली म्हणून पाणी झाली. मला हे सूत्र पुढे कॉलेजात शिकवलं गेलं तेव्हा त्यात आलेख होता, आलेखात खाली उतरणाऱ्या दोन रेघा होत्या, आणि त्या जिथे भेटतात त्या बिंदूला भारदस्त ग्रीक नाव होतं. आत्याला तो आलेख दाखवला असता तर तिने चष्मा शोधायचं निमित्त करून विषय बदलला असता.

बाटली दिवाळीच्या आधी तयार व्हायची, कारण भाऊबिजेला तिचे तिघे भाऊ यायचे आणि फराळाच्या माऱ्याने त्यांची पोटं बिघडायची. तिघे म्हणजे माझे वडील आणि दोन काका. गावाकडच्या जमिनीच्या एका बांधावरून त्यांच्यात अबोला होता. बांध किती रुंद, हे त्यांच्यापैकी कुणालाच नक्की माहीत नव्हतं, पण अबोला फार रुंद होता. तिघे वेगवेगळ्या गाड्यांनी यायचे. बैठकीत तीन भिंतींना पाठ टेकून, तीन वर्तमानपत्रं उघडून बसायचे. वडिलांना काही विचारायचं असलं तर ते आत्याला विचारायचे, आत्या ते धाकट्या काकांना विचारायची, आणि उत्तर त्याच वाटेने परत यायचं. आत्या कुणाची समजूत घालत नसे. कोण बरोबर, कोण चूक, यावर तिने कधी अवाक्षर काढलं नाही. ती फक्त पाट जवळजवळ मांडायची. ओवाळून झालं, चकलीचा पहिला तुकडा मोडला गेला, आणि मग कुणीतरी, बहुतेक थोरले काका, चकलीकडेच पाहत म्हणायचे, “आईच्या चकलीला काटे यायचे नाहीत.” धाकटे काका म्हणायचे, “तरी तूच सगळ्यांत जास्त खायचास.” वडील वर्तमानपत्राची घडी घालायचे. अर्ध्या तासाने स्वयंपाकघरात ऐकू येणारा आवाज कुणा एकाचा म्हणून ओळखू यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वेगवेगळ्या गाड्यांनी परत जायचे, आणि गावी पोचेपर्यंत बहुधा पुन्हा आपापल्या ठरलेल्या अंशावर ताठ झालेले असायचे. बांधाचा प्रश्न सुटला नाही तो नाहीच. मीही तसं काही सुचवू इच्छित नाही. स्फटिकांना त्यांचं म्हणून एक तेज असतं, ते जपायला हवं, आणि माणसाने वर्षभर पाघळलेलं राहू नये. कॅफिन वेगळं काढणाऱ्या रुंगेशिवाय आणि आच कमी करणाऱ्या तू यूयूंशिवाय आपल्याला कोणत्या पानात काय आहे हे कळलंच नसतं, आणि बाटलीत काय घालायचं तेही नाही. आधी वेगळं करता यावं लागतं, मग एकत्र ठेवण्याला अर्थ येतो. एवढंच, की वेगळं करण्याच्या विद्येला वह्या आहेत, परीक्षा आहेत, पारितोषिकं आहेत. पाट जवळ मांडण्याच्या विद्येला यांतलं काही नाही. आत्याच्या बाटलीतला थेंब त्या बारीक काचनळीत भरून कुणी तपासायला घेतला असता, तर द्रवणांकाच्या रकान्यात त्याला काही लिहिताच आलं नसतं, कारण नमुना आधीच वितळलेला. शुद्धतेपुढे फुली पडली असती. शेऱ्याचा रकाना तेवढा मोकळा राहिला असता. तिथे लिहायला माझ्याकडे एक नोंद आहे: तिन्ही भावांची पोटं संध्याकाळपर्यंत थांबली, आणि रात्री तिघांनी पुन्हा चकल्या मागितल्या.